येरेवानचा मुष्टियोद्धा

आर्मेनियन लोक आपल्या देशाला अपरिचित नाहीत. मुंबईच्या कोटभागात त्यांनी १७९६ साली सेंट पीटरचे देवालय बांधले. कलकत्त्याचे नाझरेथ देवालय त्याहूनही जुने, १७२४ चे. आणि आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ साली निघाले, ते येरेवानला किंवा कॉन्स्टँटिनोपलला नव्हे, तर आपल्या मद्रासेत. व्यापारानिमित्त देशोदेशी पांगलेल्या या लोकांनी जेथे जावे तेथे आपले देवालय, आपली शाळा आणि आपली लिपी बरोबर न्यावी, असा त्यांचा शतकानुशतकांचा शिरस्ता. ती लिपी मेस्रोप माश्तोत्स नावाच्या विद्वानाने पाचव्या शतकाच्या आरंभी घडवली. राज्य हातचे गेले तरी अक्षर आणि नाव जाऊ द्यायचे नाही, ही ज्या समाजाची रीत, त्याच समाजातल्या एका मुलाने १९५६ साली मुष्टियुद्धातले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, आणि क्रीडाजगताच्या वहीत ते दुसऱ्याच नावावर मांडले गेले. त्या मुलाचे नाव व्लादिमिर येंगिबार्यान.

या नावातच थोडा इतिहास आहे. येंगिबार हे जुने आर्मेनियन पुरुषनाम. त्यापुढे ‘यान’ हा प्रत्यय लागला म्हणजे त्या पुरुषाच्या कुळातला. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, तसे तिकडे पूर्वजाच्या नावाला ‘यान’ जोडून होते. व्लादिमिर हे पहिले नाव मात्र रशियन, लेनिनचे. पाश्चात्त्य वार्ताहरांना हे आडनाव कधी नीट लिहिता आले नाही. जुन्या वृत्तांतांत ते कधी एंगिबारियन, कधी जेंगिबारियन अशा निरनिराळ्या वेषांत भेटते. ज्या खेळात त्याने नाव काढले त्या खेळाला आर्मेनियन भाषेत जो शब्द आहे तो मात्र मराठी माणसाला घरचा वाटावा असा आहे. मूठ आणि युद्ध या अर्थांच्या दोन शब्दांचा तो समास आहे. म्हणजे अक्षरशः आपला ‘मुष्टियुद्ध’ हाच शब्द.

येंगिबार्यानचा जन्म येरेवानचा, २४ एप्रिल १९३२ चा. या तारखेपाशी क्षणभर थांबले पाहिजे. १९१५ साली याच दिवशी कॉन्स्टँटिनोपलमधील आर्मेनियन पुढारी, लेखक आणि धर्मगुरू यांची धरपकड सुरू झाली, आणि त्यानंतर ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन समाजाचा जो संहार झाला त्याची स्मृती म्हणून जगभरचे आर्मेनियन लोक हा दिवस पाळतात. येंगिबार्यानच्या बालपणी ही स्मृती घराच्या चार भिंतींतच राहत होती. येरेवानच्या रस्त्यांवर लोक उघडपणे तिच्यासाठी जमले ते १९६५ साली, आणि शहराच्या टेकडीवर स्मारक उभे राहिले ते १९६७ साली. त्यापुढे या मुष्टियोद्ध्याचा वाढदिवस हा त्याच्या साऱ्या समाजाचा शोकदिन होऊन राहिला. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे. पण येरेवानमध्ये हा योगायोग कोणाच्या ध्यानातून सुटला असेल असे वाटत नाही.

तो हातमोजे चढवून या खेळात उतरला तेव्हा चौदा वर्षांचा होता. महायुद्ध नुकतेच संपले होते. गुलाबी ज्वालामुखी दगडाच्या इमारतींचे ते शहर अजून बांधले जात होते, आणि सरहद्दीपलीकडे, तुर्कस्तानच्या हद्दीत गेलेला अरारात पर्वत त्याच्या गल्ल्यांमधून दिसत होता.

पुढील हकीकत समजण्यासाठी हौशी मुष्टियुद्ध म्हणजे काय, हे थोडे पाहावे लागते. सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे मुष्टियुद्ध म्हटले की धंदेवाईक सामना येतो: अनेक फेऱ्या, रक्ताळलेले चेहरे, लाखांच्या पैजा, आणि शेवटी एक जण पालथा. हौशी सामन्याची जात वेगळी. तीन मिनिटांची एक अशा अवघ्या तीन फेऱ्या. मध्ये एकेका मिनिटाची विश्रांती. अंगावर बिनबाह्यांचा सदरा. डोक्याला संरक्षक टोप त्या काळी नव्हता. तो ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आला आणि पुरुषांच्या सामन्यांतून २०१६ साली पुन्हा गेला. रिंगणाभोवती बसलेले पंच पाहतात ते प्रतिस्पर्धी किती कोलमडला हे नव्हे. हातमोज्याच्या पुढच्या भागाने, नियमाने ठरलेल्या जागी, किती ठोसे स्वच्छ लागले हे ते मोजतात. प्रतिस्पर्धी जमिनीवर पडला तरी त्या पडण्याला निराळे गुण नाहीत. नऊ मिनिटांत सारा हिशेब संपायचा असल्यामुळे मंदगतीने प्रतिस्पर्ध्याला थकवण्याची धंदेवाईक युक्ती येथे चालत नाही. येथे हवी ती नजर, पावलांची हलकी चाल, आणि ठोसा लागण्याच्या आधीच तेथून नाहीसे होण्याची कला.

येंगिबार्यान या कलेचा माणूस होता. दणकट ठोशासाठी त्याची ख्याती नव्हती. रशियन जाणकार त्याच्या जातीच्या लढवय्याला ‘खेळणारा’ म्हणतात. समोरच्याला हुलकावणी द्यायची, त्याचा हात हवेत जाऊ द्यायचा, आणि तो तोल सावरतो आहे तेवढ्यात आपला ठोसा पोचवून पुन्हा लांब व्हायचे. आपल्याकडे आखाड्यातले वस्ताद ‘डाव’ आणि ‘जोर’ असा जो भेद करतात, त्यातला हा डावाचा पक्ष.

१९५३ साली वॉर्सा येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत सोव्हिएत मुष्टियोद्धे प्रथमच उतरले. जागतिक अजिंक्यपदाचे हौशी सामने त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. ते १९७४ साली हवाना येथे सुरू झाले. म्हणून ऑलिंपिकच्या खालोखाल युरोपीय पदाचीच प्रतिष्ठा. पोलंडचे मुष्टियोद्धे फेलिक्स श्टाम या थोर मार्गदर्शकाच्या हाताखाली तयार झालेले, आणि घरचे मैदान. दहांपैकी पाच वजनगटांत त्यांनी बाजी मारली. सोव्हिएत संघाच्या वाट्याला दोन पदे आली. त्यातले एक अवजड गटात लिथुएनियाच्या अल्गिर्दास शोत्सिकासने मिळवले आणि दुसरे हलक्या, म्हणजे साठ किलोंच्या गटात एकवीस वर्षांच्या येंगिबार्यानने. विशेष हे की सोव्हिएत संघाच्या या पहिल्या दोन युरोपीय विजेत्यांत रशियन एकही नव्हता.

पुढे तो एक पायरी वर, साडेत्रेसष्ट किलोंच्या लाइट वेल्टर गटात गेला. या गटात पोलंडचा लेशेक ड्रोगोश हा मोठा वाघ बसलेला होता; १९५३ आणि १९५५ अशी दोन्ही वर्षांची युरोपीय पदे त्याच्याकडे होती. येंगिबार्यानने सोव्हिएत संघाचे राष्ट्रीय अजिंक्यपद १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे मिळवले आणि त्या बळावर तो मेलबर्नला गेला.

मेलबर्नचे ऑलिंपिक २२ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झाले. त्याच्या अठरा दिवस आधी, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. हॉलंड, स्पेन आणि स्वित्झर्लंड या देशांनी निषेध म्हणून आपली पथके पाठवली नाहीत. हंगेरीचे पथक मात्र आले. ६ डिसेंबरला हंगेरी आणि सोव्हिएत संघ यांच्यात पाण्यातील पोलोचा जो सामना झाला, त्यात एका हंगेरियन खेळाडूच्या चेहऱ्यावरून रक्त वाहिले आणि प्रेक्षक इतके खवळले की सामना संपण्याआधी थांबवावा लागला. त्या महिन्यात छातीवर सोव्हिएत संघाची अक्षरे लावून कोणत्याही रिंगणात उतरणे म्हणजे काय असेल, याची कल्पना त्यावरून यावी. त्या अक्षरांखाली कोण कोठला आहे, हे विचारण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नव्हते.

मुष्टियुद्धाचे सामने २३ नोव्हेंबर ते १ डिसेंबर असे झाले. शेवटच्या दिवशी दहाही गटांचे निकाल लागले. हंगेरीचा लास्लो पाप याने त्याच दिवशी, त्याच रिंगणात, लागोपाठ तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. तोवर कोणाही मुष्टियोद्ध्याला ते साधले नव्हते. सोव्हिएत मुष्टियोद्ध्यांना १९५२ साली हेलसिंकीत एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. या दिवशी तीन मिळाली. फेदरवेट गटात व्लादिमिर साफ्रोनोव, मिडलवेट गटात गेन्नादी शात्कोव, आणि या दोघांच्या मधल्या लाइट वेल्टर गटात येंगिबार्यान. त्याच्यासमोर अंतिम सामन्यात इटलीच्या लिव्होर्नो बंदरचा एकवीस वर्षांचा फ्रांको नेंची होता. तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि गुणांवर निकाल येंगिबार्यानच्या बाजूने लागला. रुमानियाचा दुमित्रेस्कू आणि दक्षिण आफ्रिकेचा लाउब्शर हे कांस्यपदकाचे मानकरी ठरले.

मग ध्वज चढला आणि राष्ट्रगीत वाजले. त्या गीताची गंमत अशी की १९५६ पासून १९७७ पर्यंत सोव्हिएत राष्ट्रगीताला शब्दच नव्हते. मूळ कडव्यांत स्टॅलिनची स्तुती होती. ती म्हणणे त्याच वर्षी बंद झाले आणि नवे शब्द यायला दोन दशके लागली. त्यामुळे घरी एक भाषा आणि दरबारी दुसरी भाषा बोलणाऱ्या या विजेत्याचा गौरव झाला तो नुसत्या सुरांनी.

सोव्हिएत संघाने मेलबर्नला सदतीस सुवर्णपदके मिळवून अमेरिकेला मागे टाकले होते. पथकाचा मोठा भाग ‘ग्रुझिया’ नावाच्या जहाजाने व्लादिवोस्तोकला उतरला आणि तेथून आगगाडीने, सैबेरियाच्या ऐन थंडीत, मॉस्कोकडे निघाला. वाटेतल्या स्थानकांवर लोक या खेळाडूंना पाहायला जमत. राज्याकडून मिळणारा मान निराळा. त्यासाठी १९३४ साली ‘गुणवंत क्रीडानिपुण’ अशा अर्थाची एक पदवी निर्माण करण्यात आली होती, आणि येंगिबार्यानला ती मिळाली. त्या काळी हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम घेता येत नसे; पण पदवी घेता येत असे, आणि पदवीमागून घर, नोकरी, मार्गदर्शकाची जागा अशा गोष्टी येऊ शकत होत्या. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरी ब्रंडेज हे हौशीपणाच्या बाबतीत अत्यंत कर्मठ गृहस्थ. सोव्हिएत खेळाडू विद्यार्थी, सैनिक किंवा शिक्षक म्हणून नोंदलेला असे आणि सरावासाठी त्याला सवड मिळे. याला हौस म्हणावे की नोकरी, हा वाद त्यांच्या कारकिर्दीत कधी मिटला नाही. सगळेच ढोंग होते असेही म्हणवत नाही. त्याच दिवशी सुवर्णपदक जिंकलेला शात्कोव पुढे कायद्याचा अभ्यासक झाला आणि लेनिनग्राड विद्यापीठाच्या उपकुलगुरूपदी पोचला.

इतरांच्या वाटा पाहिल्या म्हणजे येंगिबार्यानची वाट अधिक स्पष्ट होते. लास्लो पापला हंगेरी सरकारने १९५७ साली धंदेवाईक होण्याची परवानगी दिली. १९६२ साली तो धंदेवाइकांतही युरोपचा विजेता झाला, आणि नंतर, जागतिक पदाच्या उंबरठ्यावर असताना, सरकारने ती परवानगी काढून घेतली. पापने मेलबर्नच्या अंतिम सामन्यात ज्याला हरवले तो होजे टोरेस अमेरिकेत धंदेवाईक होऊन १९६५ साली जगज्जेता बनला. नेंचीही धंदेवाईक झाला. येंगिबार्यानपुढे असा प्रश्न कधी आलाच नाही. सोव्हिएत संघात धंदेवाईक मुष्टियुद्ध नव्हते. जे काही मिळवायचे ते तीन फेऱ्यांच्या चौकटीत.

ते त्याने मिळवत ठेवले. १९५७ साली प्रागला तो लाइट वेल्टर गटात युरोपचा विजेता झाला. १९५८ साली पुन्हा सोव्हिएत अजिंक्यपद, आणि १९५९ साली स्वित्झर्लंडमधील लूत्सर्न येथे तिसरे युरोपीय पद. त्या वर्षी ड्रोगोश वेल्टर गटात गेला होता आणि तेथे त्यानेही विजेतेपद मिळवले. दोघे आपापल्या घरी सुखी. १९६० साली रोमला येंगिबार्यान आपले ऑलिंपिक पद राखण्यासाठी उतरला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. हलक्या वजनाच्या हौशी मुष्टियोद्ध्याला हे वय उतरणीचे. उपांत्यपूर्व फेरीत पोलंडचा तरुण मारियान कास्प्शिक याने त्याला हरवले. कास्प्शिक दुखापतीमुळे पुढचा सामना खेळू शकला नाही आणि कांस्यपदकावर थांबला. चार वर्षांनी टोकियोत, वेल्टर गटात, तो स्वतः ऑलिंपिक विजेता झाला. त्यामुळे येंगिबार्यानची हार सामान्य माणसाकडून झाली, असे कोणी म्हणू नये.

यानंतर तो रिंगणाबाहेर आला आणि मुलांना शिकवू लागला. त्याच्या नावावर २६७ लढती आणि त्यांपैकी २५५ विजय जमा आहेत. सुमारे पंधरा वर्षांत केवळ बारा वेळा हार, तीही ज्या खेळात एका पंचाच्या मताने पारडे फिरते अशा खेळात.

आता प्रश्न असा की हा मान कोणाचा? ऑलिंपिकच्या वहीत उत्तर सोपे आहे: सोव्हिएत संघाचा. बाहेरचे लोक तर त्याहून सोपे उत्तर देत आणि सगळ्यांनाच रशियन म्हणत. आपणही त्याला अपवाद नव्हतो. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले तेव्हा त्यांना ज्या ‘रशियन’ मल्लाकडून हार पत्करावी लागली, तो रशीद मम्मदबेयोव वस्तुतः बाकूचा, म्हणजे अझरबैजानचा. कराडजवळच्या गोळेश्वर गावात ही कुस्ती वर्षानुवर्षे सांगितली गेली असेल. त्यात बाकूचे नाव किती वेळा आले असेल, कोण जाणे. त्याच हेलसिंकीत ह्रांत शाहिन्यान या आर्मेनियन व्यायामपटूने दोन सुवर्ण आणि दोन रौप्य पदके मिळवली. मेलबर्नला येंगिबार्यानच्या बरोबर आल्बेर्त अझार्यान होता. लोंबत्या कड्यांवरच्या कसरतींत त्याने तेथे आणि पुन्हा रोमला सुवर्णपदक घेतले. येरेवानमध्ये या तिघांचा हिशेब वेगळा ठेवला जात होता. तेथल्या माणसाच्या लेखी शाहिन्यान पहिला, मग अझार्यान आणि येंगिबार्यान. आणि मुष्टियुद्धात येंगिबार्यान हाच पहिला. त्या हिशेबाला ध्वज नव्हता, गीत नव्हते. ‘यान’ या दोन अक्षरांवर तो चालत असे.

ही अक्षरेही नेहमी टिकत नसत. मॉस्कोत जन्मलेला लेओनिद येंगिबारोव हा त्याच आडनावाचा दुसरा कलावंत. शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत तोही मुष्टियुद्ध शिकला होता. पुढे सर्कशीत शिरून तो मूकाभिनय करणारा अद्वितीय विदूषक झाला आणि १९७२ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, वारला. त्याच्या आडनावाचा ‘यान’ जाऊन रशियन वळणाचा ‘ओव’ आला होता. येरेवानच्या मुष्टियोद्ध्याने आपला ‘यान’ राखला, परदेशी वार्ताहरांनी त्याचे कसेही लेखन केले तरी.

१९८८ च्या डिसेंबरात उत्तर आर्मेनियात भयंकर भूकंप झाला. त्यानंतर देशातले एकमेव अणुवीजकेंद्र सुरक्षिततेसाठी बंद करावे लागले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित होऊन आर्मेनिया स्वतंत्र झाला तो शेजाऱ्यांशी युद्ध आणि सरहद्दींची नाकेबंदी यांच्या मध्यावर. वीजकेंद्र १९९५ साली पुन्हा सुरू होईपर्यंतचे हिवाळे येरेवानने दिवसातून काही तास मिळणाऱ्या विजेवर आणि चुलीत जाळलेल्या लाकडांवर काढले. हजारो कुटुंबे देश सोडून गेली. येंगिबार्यानचेही उत्तरायुष्य अमेरिकेत गेले. जेथे आर्मेनियन वस्ती मोठी, आर्मेनियन देवालये आणि शाळा आहेत अशा लॉस एंजेलिस शहरात, १ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले.

आर्मेनियाचे स्वतंत्र पथक उन्हाळी ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरले ते १९९६ साली अटलांटाला. त्या वेळी ग्रीको-रोमन कुस्तीत आर्मेन नझार्यानने सुवर्णपदक जिंकले आणि येरेवानचा तांबडा, निळा व नारिंगी ध्वज प्रथमच सर्वांत उंच चढला. मुष्टियुद्धात त्याआधी, १९९३ साली, न्शान मुंच्यान हा जगज्जेता झाला होता. ऑलिंपिकमध्ये ह्राचिक जावाख्यानने २००८ साली बीजिंगला आणि होव्हान्नेस बाचकोवने २०२१ साली टोकियोला कांस्यपदके मिळवली. बाचकोवचा वजनगट त्रेसष्ट किलोंचा, म्हणजे जवळजवळ येंगिबार्यानचाच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत स्वतंत्र आर्मेनियाच्या नावावर मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक लागलेले नाही. मेलबर्नचे ते एक पदक मात्र अधिकृत नोंदींत आजही, १९९१ साली नकाशावरून गेलेल्या एका राज्याच्या नावापुढेच लिहिलेले आहे.